दप्तर संगणकावर चढवताना या चुका टाळा

मूर्ती, नाणी, शस्त्रं यांच्या नोंदी बहुतेक संग्रहालयांत बऱ्या असतात. हाल होतात ते कागदांचे. घराण्यांची दप्तरं म्हणजे जुन्या कागदपत्रांचे साठे, मोडी रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेले मोडी लिपीतले गठ्ठे, रोजनिशा, संस्थानी फायली, पत्रांचे गठ्ठे हे सगळं मागच्या खोलीत पडून असतं आणि एक दिवस वरून निरोप येतो, की वर्षअखेरपर्यंत सगळं संग्रहालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये गेलं पाहिजे. मग ते सी-डॅक पुण्याने बनवलेलं 'जतन' असो, कलेक्टिव्हॲक्सेस असो की पास्टपर्फेक्ट, चुका त्याच त्या होतात. बऱ्याचशा नंतर निस्तरता येतात. पहिली येत नाही, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

रुमाल सोडून कागद सुटे करणं

संग्रहालयाच्या सॉफ्टवेअरची मूळ रचना वस्तूसाठी असते. एक वस्तू, एक दाखल क्रमांक (वस्तू संग्रहात येताना तिला मिळणारा), एक नोंद. तलवारीला हे चालतं. दप्तराला चालत नाही, कारण दप्तरातल्या कागदाचा निम्मा अर्थ त्याच्या शेजारच्या कागदात असतो.

एका जिल्ह्याच्या गावातल्या संग्रहालयात हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. एका वतनदार घराण्याने आपलं दप्तर दिलं होतं, रुमालांत जसंच्या तसं बांधलेलं. काम करणारी मुलं हुशार, मोडी शिकलेली, मनापासून राबणारी. त्यांनी रुमाल सोडले, कागद झटकले, तारखेप्रमाणे लावले, प्रत्येकाला स्वतंत्र क्रमांक दिला आणि सगळीकडे 'प्रकार: पत्र' निवडलं. नोंदींचा आकडा बघून विश्वस्त खूश झाले. पुढे एक अभ्यासक आले. त्यांना त्या घराण्याचा पाटीलकीचा तंटा पाहायचा होता. असा तंटा उभा राहिला की दोन्ही पक्ष आपापले करिने म्हणजे लेखी हकिकती द्यायचे, जुन्या सनदांच्या नकला हजर करायचे, साक्षी व्हायच्या, महजर म्हणजे सभेचा लेखी निवाडा व्हायचा, आणि ते सगळं एका पुडक्यात बांधून ठेवलं जायचं. तारखेप्रमाणे लावल्यामुळे सनदांच्या नकला मूळ सनदेच्या तारखेला, म्हणजे कित्येक पिढ्या मागे जाऊन बसल्या. करिने एका फोल्डरमध्ये, महजर तिसऱ्याच कपाटात. कोणती नकल कोणत्या पक्षाने हजर केली हे सांगणारा पुरावा एकच होता: ती कुठल्या पुडक्यात होती. तोच नाहीसा झाला. रुमालांची फडकी मळकी म्हणून टाकून दिलेली, आणि त्यांना बांधलेल्या चिठ्ठ्याही त्यांच्याबरोबर गेल्या.

थोडंफार परत जुळलं ते कसर या कागद खाणाऱ्या किडीमुळे. कसर पुडक्यात शिरली की वरून खाली भोक पाडत जाते, त्यामुळे लागोपाठच्या कागदांवर भोकं एकाच जागी येतात. कागद उजेडासमोर धरून, भोकाला भोक आणि ओलीच्या डागाला डाग लावत काही पुडकी पुन्हा उभी राहिली. बाकीची कायमची गेली.

माझी पद्धत अशी. रुमाल सोडण्याआधी गाठीसकट त्याचा फोटो, चिठ्ठी असेल तर तिचा वेगळा. मग कागद ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मागच्या कोपऱ्यात मऊ शिसपेन्सिलीने बारीक आकडा. पेन नाही, स्टिकर नाही. घडीच्या आत दुसरा कागद निघाला तर त्याला बाहेरच्या कागदाचाच आकडा आणि पुढे उपक्रमांक. संगणकावर आधी अख्ख्या दप्तराची एक नोंद, तिच्या पोटात रुमालांच्या, त्यांच्या पोटात पुडक्यांच्या. सुट्या कागदाची पाळी शेवटी, आणि ती काही वर्षांनी आली तरी बिघडत नाही. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचं आयसॅड-जी हे मानकही वरून खाली जायला सांगतं. त्यातल्या २६ घटकांपैकी नोंदींची देवाणघेवाण करायला आवश्यक मानलेले सहाच आहेत: संदर्भ क्रमांक, शीर्षक, निर्माता, काळ, व्याप्ती आणि नोंदीची पातळी. प्रत्येक रुमालाचे एवढे सहा रकाने भरले तरी दप्तर अभ्यासकाच्या उपयोगी पडू लागतं. पास्टपर्फेक्टमध्ये अभिलेखांसाठी वेगळा कॅटलॉगच आहे, कलेक्टिव्हॲक्सेसमध्ये नोंदीखाली नोंद लावता येते. तरीही लोक पहिला दिसेल तो वस्तूचा फॉर्म उघडून भरायला लागतात. 'इतका वेळ कुठे आहे' असं म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की रुमालवार नोंद ही कागदवार नोंदीपेक्षा कितीतरी लवकर होते. घाई असेल तर उलट हाच रस्ता धरा.

एक्सेलवर डोळे मिटून विश्वास टाकणं

जुनं दाखल रजिस्टर आधी एक्सेलमध्ये उतरवायचं आणि मग ती फाइल सॉफ्टवेअरमध्ये ओढायची, हा सर्रास मार्ग. मार्ग चुकीचा नाही, पण एक्सेल न विचारता आकडे बदलतं. दाखल क्रमांक वर्ष आणि अनुक्रमांक असा लिहिला असेल, उदाहरणार्थ २०१४.१०, तर इंग्रजी आकड्यांत टाइप केल्यावर एक्सेल त्याला दशांश संख्या समजतं आणि शेवटचं शून्य खातं. उरतं २०१४.१. म्हणजे पहिली वस्तू आणि दहावी वस्तू एकच. विसावी दुसरीवर जाऊन बसते, तिसावी तिसरीवर.

एका संस्थेत याच कारणाने 'हा क्रमांक आधीच वापरलेला आहे' असा संदेश येऊ लागला. नोंदी भरणाऱ्याने रजिस्टर उघडून न बघता दुसऱ्या क्रमांकापुढे 'अ' जोडला आणि पुढे गेला. लेबलं छापली, फोल्डरवर चिकटवली, फोटोंच्या फाइलींनाही तीच नावं दिली. बऱ्याच दिवसांनी देणगीदाराच्या घरचे लोक आजोबांची रोजनिशी बघायला पावती घेऊन आले. पावतीवर २०१४.१०. संगणकावर असा क्रमांकच नाही. रोजनिशी कपाटात सुखरूप होती, पण ती सापडेपर्यंत त्या माणसांच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं ते मला अजून त्रास देतं. माणूस घरातली वस्तू विश्वासाने देतो. त्याच्या हातात आपण जो क्रमांक दिला, तो बदलण्याचा आपल्याला अधिकार नाही.

म्हणून टाइप करायच्या आधी अख्खा रकाना 'टेक्स्ट' करा. सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकुराची फाइल) दोनदा क्लिक करून कधीच उघडू नका. मी लिब्रेऑफिस कॅल्क वापरतो, कारण ते उघडतानाच रकान्याचा प्रकार ठरवू देतं. चढवायची फाइल शेवटी सेव्ह करताना यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठी मजकुराच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग मिळेल. आणि सॉफ्टवेअरने क्रमांकाबद्दल तक्रार केली की थांबा, मूळ रजिस्टर उघडा.

तुमच्या यादीतल्या एकोणिसाव्या शतकातल्या बऱ्याच कागदांवर १९०५ सालच्या तारखा दिसत असतील तर कारण तेच आहे. एक्सेल १ जानेवारी १९०० पासून दिवस मोजतं. तारखेच्या रकान्यात नुसतं १८५७ टाकलं की ते १८५७वा दिवस समजून ३० जानेवारी १९०५ दाखवतं. त्याआधीच्या शतकातली सालं १९०४ मध्ये जाऊन पडतात.

कागदावरचं साल परस्पर इसवीत बदलणं

मोडी कागदावर 'सलास खमसैन मया व अलफ' असं असतं. तीन, पन्नास, शंभर, हजार: ११५३. हे शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांत अरबी अंकशब्दांनी लिहिलं जाणारं सौर साल, असेल तर इसवी १७५२-५३. फसली, म्हणजे महसुली सन, समजलात तर १७४३-४४. आणि हिजरी समजलात तर १७४०-४१, म्हणजे नानासाहेब पेशव्यांच्या काळातला कागद उचलून थेट थोरल्या बाजीरावांच्या अखेरच्या वर्षापाशी नेऊन ठेवलात. गफलत होते ती बहुधा 'छ' या चांद्र तारखेच्या खुणेपुढच्या तिथीमुळे: महिना रबिलावल दिसला की नवशिका साल हिजरीच धरतो. महिना हिजरी चालीचा आणि साल शुहूर, ही मराठी कागदांतली नेहमीची पद्धत आहे. शुहूर वर्ष मृगाला बदलतं हेही लक्षात ठेवा.

दोन रकाने ठेवा. एकात कागदावरचं जसंच्या तसं बाळबोधीत म्हणजे देवनागरीत, दुसऱ्यात इसवीचा पल्ला. साल अंदाजे असेल तर 'अंदाजे' लिहा. सॉफ्टवेअर दिवस-महिना मागतं म्हणून १ जानेवारी ठोकून देऊ नका. पुढचा माणूस ती खरी तारीख मानून लेख लिहितो.

बाकीच्या, थोडक्यात

नावांची पक्की यादी आधी करा. नाना फडणवीस, नाना फडणीस, बाळाजी जनार्दन अशा तीन नावांनी नोंदी झाल्या तर एकाच माणसाची पत्रं तीन ठिकाणी विखुरतात. 'नाना' म्हणजे पेशवे नानासाहेब की फडणवीस, हे तर आधी ठरवाच.

श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फाँटमधल्या याद्या युनिकोडमध्ये बदलल्याशिवाय चढवू नका. शोधायला गेलात तर काहीच सापडणार नाही. आकडे देवनागरी की इंग्रजी, हेही एकदाच ठरवा. शोधताना दोन्ही एक धरले जातीलच असं नाही.

स्कॅनच्या फाइलीला कॅमेऱ्याने दिलेलं नाव राहू देऊ नका. क्रमांक, त्यापुढे पान. मूळ टिफ वेगळी ठेवा, दाखवायला जेपेग.

कागद कपाटातून हलला की जागेची नोंद त्याच क्षणी. 'संध्याकाळी भरतो' म्हणणाऱ्याची संध्याकाळ येत नाही.

सगळ्यांना ॲडमिनचा एकच पासवर्ड देऊ नका. चूक कुणाची हे शोधण्यासाठी मी हे म्हणत नाही. कोणता बदल कोणत्या आधारावर केला, हे त्या माणसालाच विचारता यावं म्हणून.

नोंद डिलीट करू नका. वस्तू परत दिली, हरवली, दुसरीकडे गेली, तरी नोंद राहते आणि त्यात कारण आणि तारीख लिहिली जाते.

आणि बॅकअप घेतो असं सांगणाऱ्यांनी तो वर्षातून एकदा तरी दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. रजिस्टरमधले कोणतेही दहा क्रमांक घ्या, नोंद आणि फोटो दोन्ही उघडतात का तपासा. डेटाबेसचा बॅकअप नियमित होत असतो आणि फोटोंचं फोल्डर त्यात कधी धरलेलंच नसतं, असं फार ठिकाणी आढळतं.