आधी दूध, मग खेळ, मग झोप

तीन-चार महिन्यांचं लेकरू दीड-दोन तास जागं राहिलं की पेंगायला लागतं. म्हणून ते उठल्या उठल्या अंगावर घ्या. ताजंतवानं असतं, पोटभर पितं. झोपेच्या भरात पाजलं तर चार घोट घेऊन डोळे मिटतं आणि अर्ध्या तासात भुकेनं पुन्हा उठतं.

मूठ तोंडात घालणं, मान वळवून पदर शोधणं म्हणजे भूक. रडणं फार नंतरचं. डोळे चोळले, नजर फिरवली की झोप. तेव्हा खेळवत बसू नका.

घड्याळाचा हट्ट मात्र नको. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो, दुपारी लाइन गेली की कूलर बंद आणि झोप मोडते. अशा दिवसांत बाळ जास्त वेळा मागेल, तितक्या वेळा पाजा. घरातली मोठी माणसं मायेनं चमचाभर पाणी पाजायला सांगतील, पण ६ महिन्यांपर्यंत वरचं पाणीही नको. दुधातच ते असतं. दिवसातून ६ तरी लंगोट ओले होत असतील तर दूध पुरतंय. कमी होत असतील तर आशाताईंना लगेच दाखवा.