सोसायटीच्या इमेलमधून व्हायरस शिरू नये म्हणून काय करावं

सेक्रेटरींच्या नावानं इमेल येतो, "थकबाकीदारांची यादी जोडली आहे, लगेच पाहा." दादर असो की मुलुंड, मुंबईतला सभासद ही फाइल उघडणारच. नाव ओळखीचं आणि यादीत आपण आहोत की काय ही धाकधूक. व्हायरस याच भरवशावर शिरतो. 1999 साली मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या फाइलमधून आला आणि आउटलुकच्या ॲड्रेस बुकमधल्या पहिल्या 50 पत्त्यांवर स्वतःला धाडत सुटला. इमेल खरोखरच ओळखीच्या माणसाच्या कॉम्प्युटरवरून आलेला असायचा. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका.

पहिलं काम, फाइलचं पूर्ण नाव दिसू द्या. विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडून व्ह्यू, मग शो, मग फाइल नेम एक्स्टेन्शन्स निवडा. 2000 सालच्या 'आय लव्ह यू' व्हायरसच्या फाइलचं नाव 'टीएक्सटी'वर, म्हणजे साध्या मजकुराच्या फाइलसारखं, संपल्यासारखं दिसे, पुढचं 'व्हीबीएस' विंडोज लपवून ठेवी. शेवटी व्हीबीएस, ईएक्सई, जेएस किंवा एससीआर दिसलं, म्हणजे ती उघडताच चालू होणारा प्रोग्रॅम असली, की फाइल न उघडता डिलीट करा.

वर्ड किंवा एक्सेलची फाइल 'एनेबल कन्टेन्ट' दाबायला सांगत असेल तर दाबू नका. त्या बटणानं मॅक्रो, म्हणजे फाइलमध्ये दडलेल्या आपोआप चालणाऱ्या आज्ञा, सुरू होतात आणि मेन्टेनन्सच्या बिलाला त्या लागत नाहीत. शंका आली तर त्याच इमेलला उत्तर देण्यापेक्षा सेक्रेटरींना फोन करा.

आता कमिटीसाठी. सभासदांचे पत्ते बीसीसीत, म्हणजे एकमेकांना पत्ते न दिसणाऱ्या रकान्यातच घाला, नाहीतर एका घरातल्या व्हायरसच्या हाती अख्ख्या इमारतीचे पत्ते लागतात. नोटीस इमेलच्या मजकुरातच लिहा. हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं, कारण एकदा ही सवय लागली की अचानक आलेली अटॅचमेंट सभासदांना आपोआप खटकते. सोसायटीच्या अकाउंटला टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री मागणारी सोय) लावा आणि कमिटी बदलली की त्याच दिवशी पासवर्ड बदला. विंडोजचे अपडेट पुढे ढकलू नका.

फाइल चुकून उघडली गेलीच, तर आधी वाय-फाय बंद करा. दुसऱ्या, सुरक्षित मोबाइलवरून इमेलचा पासवर्ड बदला. मग सेटिंग्जमध्ये जाऊन तुमचे इमेल कुणा अनोळखी पत्त्यावर फॉरवर्ड होत नाहीत ना, हे पाहा. पासवर्ड बदलला तरी ही वाट उघडी राहू शकते. कॉम्प्युटरचं पूर्ण स्कॅन करा. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर फोन करा.

आणि सभासदांना इमेलनं कळवू नका. लिफ्टजवळच्या फळ्यावर ठळक लिहा: कोणत्या तारखेचा, कोणत्या विषयाचा इमेल उघडायचा नाही.