स्तनाच्या गाठीची आयएचसी: निकाल बिघडतो बाटलीतच

आयएचसी म्हणजे ऊतीच्या कापावर रंग चढवून ठरावीक प्रथिनं शोधायची चाचणी. स्तनाच्या कर्करोगात ईआर आणि पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन संप्रेरकांचे ग्राहक), हर-टू (पेशीच्या कडेवरचं, वाढीशी संबंधित) आणि केआय-६७ (विभागणाऱ्या पेशींतलं) या चार प्रथिनांवरून आजार पुढे कसा वागेल याचा अंदाज बांधतात. रंग चढवायचं काम आता मशीन करतं. घोळ होतो तो बहुधा त्याआधी, ऑपरेशन थिएटरपासून लॅबपर्यंतच्या वाटेवर.

गाठ काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये (ऊती टिकवणाऱ्या द्रावणात) गेली पाहिजे, पण अख्खी नाही. फॉर्मॅलिन फार सावकाश आत झिरपतं. तोवर मधल्या पेशी खराब होतात आणि ईआर-पीआर खोटे निगेटिव्ह येतात. कडांना शाई लावून ५ मिलिमीटरचे काप करा, कापांमध्ये गॉज ठेवा. १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिन ऊतीच्या किमान दहापट हवं. सलाइनमध्ये गाठ पाठवू नका. भिजण्याचा वेळ ६ ते ७२ तास, बायोप्सीच्या बारीक तुकड्यालाही तेवढाच. शनिवारी ऑपरेशन आणि सोमवारी सुट्टी असेल तर हा हिशोब आधीच करा आणि दोन्ही वेळा, काढल्याची व बुडवल्याची, फॉर्मवर लिहा.

मेणात बसवलेल्या ऊतीच्या ठोकळ्यातून (ब्लॉक) स्लाइडवर घ्यायचे काप ४ मायक्रॉनचे. काप घेऊन न रंगवता ठेवलेल्या, सहा आठवड्यांपेक्षा जुन्या स्लाइड वापरू नका.

वाचताना नजर आधी गाठीशेजारच्या निरोगी नलिकांवर. तिथे काही केंद्रकं ईआरला तपकिरी दिसायलाच हवीत. तिथेही कोरं आणि गाठीतही कोरं असेल, तर ‘निगेटिव्ह’ लिहायचं नाही. दुसऱ्या ब्लॉकवर टेस्ट पुन्हा. १ टक्का केंद्रकं रंगली की पॉझिटिव्ह, पण १ ते १० टक्के असतील तर ‘लो पॉझिटिव्ह’ असं स्पष्ट लिहा. यातल्या बऱ्याच गाठी निगेटिव्हसारख्याच वागतात.

हर-टूला फक्त पेशीची कड मोजायची. १० टक्क्यांहून जास्त पेशींभोवती गडद, अखंड कड असेल तर ३+, म्हणजे पॉझिटिव्ह. कड अखंड पण फिकट ते मध्यम असेल तर २+, म्हणजे फिश (हर-टू जनुकाच्या प्रती मोजणारी चाचणी) करायलाच हवी. तुकड्याच्या काठावरचा आणि चिरडलेल्या जागेतला गडदपणा फसवतो, तो सोडून द्या. निरोगी नलिकांनाच गडद कड आली असेल तर रंग जास्त चढलाय, ३+ देऊ नका.

केआय-६७ हा सगळ्यात भांडकुदळ आकडा. नुसत्या अंदाजाने दोन पॅथॉलॉजिस्टांचे आकडे सहज वेगळे येतात. वेगवेगळ्या भागांतल्या किमान ५०० पेशी मोजा. फिकट रंगलेलं केंद्रकही धरायचं. ईआर पॉझिटिव्ह, हर-टू निगेटिव्ह, लवकर सापडलेल्या गाठीत ५ टक्के किंवा कमी आणि ३० टक्के किंवा जास्त, एवढ्या दोन टोकांवरच भरवसा ठेवता येतो. मधल्या आकड्यावर केमो ठरवू नये. तिथे ग्रेड (पेशी किती बिघडलेल्या दिसतात), काखेतल्या गाठी आणि परवडत असेल तर जनुकांची चाचणी बघावी.