कमी चरबीचं बोकड: या चुका टाळा

शहरातलं गिऱ्हाईक बिनचरबीच्या मटणाला दोन पैसे जास्त देतं हे कळलं, की बंदिस्त शेळीपालनवाले पहिल्यांदा खुराक तोडतात. अर्धपोटी करडाची आधी वाढ खुंटते. मग आठ महिन्यांत होणारं वजन वर्षभर लांबतं आणि जून मटण चिवट लागतं. तोडायचाच तर नुसता मका तोडा. १०० किलो खुराकात मका भरडा ४०, तूरचुनी २७, शेंगदाणा पेंड २०, गहू भुसा १०, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. पंधरा-वीस किलोच्या करडाला दिवसाला २०० ते २५० ग्रॅम पुरे, बाकी पोट शेवरी, सुबाभूळ आणि तुरीच्या भुसकटावर भरू द्या.

बकरी ईदचा माल आणि हा माल एकाच गव्हाणीवर नको. तिथं भरलेलं, जड बोकड लागतं, इथं तेच अंगाशी येतं. शिवाय मक्याचा अचानक मारा केला की अपचन आणि आंत्रविषार (आतड्यातल्या जंतूंच्या विषानं होणारा जीवघेणा आजार) ठरलेला.

खच्ची करू नका, चरबी वाढते. मात्र न खच्ची केलेलं बोकड वयात आलं की उग्र वास धरतं, म्हणून आठ-दहा महिन्यांत विका.

नुसतं बघून अंदाज बांधू नका. शेळीची चरबी कातड्याखाली थोडी, गुरद्याभोवती आणि आतड्यांवर जास्त. दर पंधरवड्याला कमरेवर आणि छातीच्या हाडावर हात फिरवा. छातीवरची गादी चिमटीत जाड भरली, तर उशीर झालाय.

सगळ्यात महागात पडते ती शेवटची घाई. सकाळी कापलं, तासाभरात तुकडे करून डीप फ्रीजरमध्ये टाकलं. चार दिवसांनी गिऱ्हाईकाचा फोन: 'रबर आहे का?' मालक जातीला, चाऱ्याला, कुकरला दोष देतो. खरं कारण असं, की अंगावर चरबीचा थर नसल्यानं हे मटण झपाट्यानं थंड होतं. स्नायू ताठरायच्या आत १० अंशांखाली गेला, की आखडून बसतो आणि शिजवूनही सुटत नाही. आधी आख्खं धड १५ अंशांच्या आसपास आठ-दहा तास टांगा, मग २ ते ४ अंशांत एक दिवस ठेवा, त्यानंतर तुकडे आणि पॅकिंग. ज्याला 'आजच माल हवा', त्याला सरळ नाही म्हणा.

टेम्पोत कोंबून आणलेलं बोकड लगेच कापू नका. पाणी द्या, रात्रभर सावलीत राहू द्या. दमलेल्या जनावराचं मटण काळपट पडतं आणि लवकर खराब होतं.