एका प्रोफाइलला एकच प्रॉक्सी: माझी मांडणी

मी वेबसाइट तपासण्याचं काम करते. एकच पान वेगवेगळ्या देशांतून कसं दिसतं, किंमत कुठल्या चलनात येते, कुकीजची परवानगी विचारली जाते का, हे रोज बघावं लागतं. त्यासाठी मी ब्राउझरची पाच प्रोफाइल्स ठेवली आहेत, प्रत्येकाची थीम वेगळ्या रंगाची आणि प्रत्येकाचा प्रॉक्सी (ज्याच्यामार्फत रहदारी जाते तो मधला सर्व्हर; साइटला त्याचाच पत्ता दिसतो) स्वतंत्र.

आधी एक गैरसमज काढून टाका. प्रोफाइल बदललं की कुकीज, हिस्टरी, पासवर्ड, एक्स्टेन्शन्स बदलतात. आयपी पत्ता, म्हणजे साइटला दिसणारा तुमच्या जोडणीचा क्रमांक, तोच राहतो. मी एकदा प्रॉक्सी लागला आहे असं धरून दोन चाचणी खात्यांत लागोपाठ लॉगइन केलं. दोन्ही माझ्या घरच्याच आयपीवरून गेली आणि दोन्ही बंद झाली. आठवड्याचं काम पुन्हा करावं लागलं. तेव्हापासून लॉगइन सगळ्यात शेवटी करते.

प्रॉक्सी देणाऱ्याकडून होस्ट, पोर्ट, युजरनेम, पासवर्ड मिळतं. त्याच वेळी प्रकारही विचारून घ्या: एचटीटीपी की सॉक्स ५. पोर्ट ८०८० किंवा ३१२८ असेल तर बहुधा एचटीटीपी, १०८० असेल तर सॉक्स; पण अंदाजावर जाऊ नका. प्रकार चुकला की पान उघडत नाही आणि आपण उगाच पासवर्ड तपासत बसतो.

माझी पसंती फायरफॉक्सला, कारण तिथे प्रॉक्सीचं सेटिंग मुळातच प्रोफाइलपुरतं असतं. पत्त्याच्या पट्टीत इंग्रजीत ‘अबाउट:प्रोफाइल्स’ लिहा, नवं प्रोफाइल बनवा आणि ते वेगळ्या खिडकीत उघडा. मग सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क सेटिंग्ज’ शोधून ‘मॅन्युअल’ निवडा. एचटीटीपी प्रॉक्सी असेल तर होस्ट-पोर्ट भरून ‘हाच प्रॉक्सी एचटीटीपीएससाठीही’ या अर्थाच्या चौकटीवर खूण करा. ही खूण राहिली तर जवळपास सगळी रहदारी थेट जाते, कारण आज बहुतेक साइट्स एचटीटीपीएसवरच आहेत. सॉक्स असेल तर फक्त सॉक्सची ओळ भरा, आवृत्ती ५ निवडा आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी शोधणारी सेवा) प्रॉक्सीमार्फत पाठवण्याच्या चौकटीवर खूण आहे ना ते बघा. ती नसेल तर पान प्रॉक्सीतून येतं, पण साइटचं नाव मात्र तुमच्या नेहमीच्या डीएनएसला विचारलं जातं.

या खिडकीत सॉक्सचं युजरनेम-पासवर्ड भरायला जागाच नाही. एचटीटीपी प्रॉक्सी असेल तर ब्राउझर स्वतः विचारतो. सॉक्सला पासवर्ड असेल तर देणाऱ्याला तुमचा आयपी मान्य यादीत टाकायला सांगा, नाहीतर एचटीटीपीचं पोर्ट मागून घ्या.

क्रोमची गोष्ट वेगळी. त्याच्या सेटिंग्जमधलं प्रॉक्सीचं बटण सरळ संगणकाच्या सेटिंगवर नेतं, म्हणजे सगळ्या प्रोफाइल्सना एकच प्रॉक्सी लागतो. यातून दोन वाटा निघतात. पहिली, प्रत्येक प्रोफाइलमध्ये विश्वासाचं प्रॉक्सी एक्स्टेन्शन टाकणं. दुसरी, शॉर्टकटमध्ये ‘प्रॉक्सी-सर्व्हर’ हा फ्लॅग (ब्राउझर सुरू करतानाच दिलेली सूचना) आणि सोबत ‘युजर-डेटा-डिर’ने वेगळा फोल्डर देणं. फोल्डर वेगळा नसेल आणि क्रोम आधीच चालू असेल, तर नवी खिडकी जुन्याच प्रक्रियेत उघडते, फ्लॅगकडे दुर्लक्ष होतं आणि कुठलाही इशारा मिळत नाही. शिवाय क्रोम सॉक्स ५चा पासवर्ड पाठवतच नाही, म्हणून क्रोमसाठी मी एचटीटीपी प्रॉक्सीच घेते.

बहु-प्रोफाइल ब्राउझरचं खास सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रत्येक प्रोफाइलच्या फॉर्ममध्येच प्रॉक्सीचे रकाने असतात. तिथे टाइमझोन आणि भाषाही प्रॉक्सीच्या देशाशी जुळवा. प्रॉक्सी घड्याळ बदलत नाही, आणि साइटला जावास्क्रिप्टमधून ते दिसतं.

आता तपासणी. यात घाई नको. आयपी दाखवणारं पान उघडा आणि आयपी-४ व आयपी-६ दोन्ही बघा. नंतर डीएनएस आणि वेबआरटीसी (ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल चालवणारं तंत्र) गळतीची चाचणी करा, म्हणजे यांतलं काही प्रॉक्सीबाहेरून जातं का ते बघा. वेबआरटीसी यूडीपीवरून (डेटा पाठवण्याची एक वेगळी पद्धत) जाऊन प्रॉक्सीला वळसा घालू शकतं. फायरफॉक्समध्ये ‘अबाउट:कॉन्फिग’ उघडून ‘मीडिया.पीअरकनेक्शन.एनेबल्ड’ फॉल्स केलं की ते बंद होतं. त्या प्रोफाइलमध्ये ब्राउझरवरचे व्हिडिओ कॉलही बंद होतील. मग मुद्दाम पोर्टचा एक आकडा चुकवा. पान उघडायला नको. उघडलं, तर ब्राउझर थेट जातोय आणि आधीच्या सगळ्या चाचण्यांवर विसंबता येणार नाही. ही शेवटची चाचणी बरेच जण करत नाहीत. माझा सगळ्यात जास्त भरवसा तिच्यावरच आहे.

४०७ हा आकडा दिसला तर प्रॉक्सीपर्यंत पोचलात, पण ओळख पटली नाही: युजरनेम-पासवर्ड बघा. जोडणीच नाकारली गेली तर होस्ट, पोर्ट किंवा प्रकार.

फुकटच्या याद्यांमधले प्रॉक्सी वापरू नका, ही कळकळीची विनंती. चालवणाऱ्याला साध्या एचटीटीपीवरचं सगळं वाचता येतं आणि एचटीटीपीएसवरही तुम्ही कुठल्या साइटवर गेलात ते कळतं. कोणी स्वतःचं सर्टिफिकेट बसवायला सांगितलं तर तिथेच थांबा. ते बसवलं की एचटीटीपीएसमधलंही त्याला उलगडता येतं.

प्रॉक्सी फिरता, म्हणजे आयपी बदलत राहणारा असेल, तर लॉगइनआधी ‘स्टिकी सेशन’ (ठरावीक वेळ तोच आयपी टिकवण्याची सोय) मागून घ्या आणि त्याची मुदत विचारा. माझा एक प्रॉक्सी दहा मिनिटांनी आयपी बदलतो, म्हणून त्याच्या प्रोफाइलमध्ये मी फक्त लॉगइनशिवायची पानं बघते.