वेदगंगेच्या पुराचं मॉडेल: फुटलेले रन फेकू नका

कर्नाटकात निपाणीजवळच्या यमगर्णीपाशी वेदगंगा नदी पुरात किती चढेल याचं एकच उत्तर काढून भागत नाही. काठच्या उसाचा मॅनिंग गुणांक (पाण्याला किती अडथळा होतो त्याचा आकडा), वरून येणारा विसर्ग, खाली कृष्णेचा फुगवटा (तिच्या चढलेल्या पाण्यामुळे मागे तुंबणारं पाणी), तिन्ही गोष्टी अंदाजाच्याच. म्हणून तेच मॉडेल वेगवेगळे आकडे देऊन दोनशे वेळा चालवायचं. अशी प्रत्येक खेप म्हणजे एक रन.

आधी कागदावर हिशेब करा. रुंद पात्रात गुणांकाला दर मीटर रुंदीच्या विसर्गाने गुणा, उताराच्या वर्गमुळाने भागा आणि आलेल्या आकड्याचा ०.६ वा घात घ्या. ती पाण्याची खोली. सरावासाठी दर मीटर रुंदीला विसर्ग सेकंदाला ४ घनमीटर, उतार ०.०००४ धरा. गुणांक ०.०३५ असेल तर खोली ३.२१ मीटर येते, ०.०२५ ला २.६३ आणि ०.०५० ला ३.९८. नुसत्या गुणांकापायी १.३५ मीटरचा फरक! (धरणाचा विसर्ग क्युसेकमध्ये, म्हणजे सेकंदाला घनफुटांत मिळतो, ३५.३ने भागल्याशिवाय मॉडेलमध्ये घालू नका. पाणीपातळीचे आकडे महाराष्ट्र आणि कर्नाटक अशा दोन्ही राज्यांतून घेतले असतील, तर ते एकाच शून्यपातळीवरून मोजलेत का, तेही पाहा.)

मॉडेलसाठी उथळ पाण्याची समीकरणं फायनाइट व्हॉल्यूम पद्धतीने सोडवा, म्हणजे नदीचे चौकोन पाडून प्रत्येकात किती पाणी आलं-गेलं याचा हिशेब ठेवा. पहिली चाचणी साचलेल्या तळ्याची: तळ उंचसखल ठेवा, पाणी स्थिर ठेवा. आपोआप प्रवाह सुरू झाला, तर समीकरणातलं तळाच्या उताराचं पद आणि दाबाचं पद एकमेकांना रद्द करत नाहीत; ते दुरुस्त होईपर्यंत पुढे जाऊ नका. घर्षण इम्प्लिसिट घ्या (म्हणजे पायरीच्या शेवटच्या, अजून काढायच्या वेगावरून मोजा), कारण पाण्याचा थर पातळ झाला की ते पद भयंकर वाढतं.

आता खरी मेख. ५० मीटरच्या चौकोनांची जाळी घेतली, तर वरच्या ०.०३५ गुणांकाच्या उदाहरणात प्रवाहाचा वेग १.२५ आणि लाटेचा ५.६१, मिळून सेकंदाला ६.८६ मीटर. कूराँ अंक म्हणजे एका कालपायरीत (हिशेब एका वेळी जितका वेळ पुढे सरकतो तेवढ्यात) लाट चौकोनाचा किती भाग ओलांडते तो आकडा; तो १ च्या आत हवा. तो ०.९ धरला की कालपायरी साधारण ६.६ सेकंद. ती कायम ठेवून सगळे रन सोडले, की विसर्ग दुप्पट असलेल्या रनमध्ये खोली ४.८७ मीटर होते, एकूण वेग ८.५५ होतो, कूराँ अंक १.१३ वर जातो आणि रन फुटतो, म्हणजे आकडे भरमसाट वाढून हिशेब कोसळतो. असे रन गाळून बाकीच्यांची सरासरी काढायची सवय फार जणांना असते. पण फुटतात ते नेमके मोठ्या पुराचेच रन! उरलेली सरासरी मग दिसते छान आणि पूर दाखवते कमी. कालपायरी प्रत्येक रनमध्ये, प्रत्येक टप्प्यावर नव्याने काढा. तरीही फुटलेला रन अर्ध्या पायरीने पुन्हा चालवा.

आकडे निवडतानाही घोळ होतो. पिकाखालच्या काठाला गुणांक ०.०३ ते ०.०५, दाट झुडपांना ०.०७ ते ०.१६ धरतात, उभा ऊस आमच्या मते यांच्या मधला. पण प्रत्येक चौकोनाला वेगळा गुणांक काढू नका, चुका एकमेकींना खातात आणि फरक खोटाच लहान दिसतो. पूर्ण उसाच्या पट्ट्याला एका रनमध्ये एकच गुणांक द्या. विसर्ग आणि कृष्णेची पातळीही सुट्या काढू नका. दोन्ही एकाच पावसाने चढतात. सुट्या काढल्या तर दोन्ही उंच असलेला रन क्वचितच येतो, आणि भीती असते ती त्याचीच.

रन कमी हवेत? थोड्या रनच्या निकालांवर बहुपदी बसवून बाकीची उत्तरं तिच्यावरून काढता येतात: समजा दोनच अनिश्चित राशी घेतल्या, तिसरा घात, म्हणजे १० सहगुणक, २०-३० रन पुरतात. मात्र पाणी बांधावरून ओसंडायला लागलं, की खोलीच्या आलेखाला कोपरा येतो, बहुपदी तिथे हेलकावते, प्रसंगी खोली उणे दाखवते. तिथे माँटे कार्लोच, म्हणजे यादृच्छिक आकडे देऊन खूप रन चालवणंच बरं. त्यातली चूक निम्मी करायला रन चौपट लागतात, हे आधीच धरून चाला.

निकाल सरासरीने नव्हे, ५, ५० आणि ९५ टक्क्यांच्या पातळ्यांनी द्या (म्हणजे तितके टक्के रन जिच्या खाली राहतात ती पातळी). २०० पैकी ८ रनमध्ये पाणी पुलावर गेलं, तर शक्यता ४ टक्के, आणि तिच्यावर २.७ टक्क्यांची खालीवर. "४.०० टक्के" असं लिहू नका.