बीपीसीवरची सही

रेल्वेच्या जेईच्या (ज्युनिअर इंजिनिअरच्या) निकालानंतर पोस्टिंगच्या कागदावर ‘कॅरेज अँड वॅगन’, म्हणजे डब्यांच्या देखभालीचं खातं, दिसलं की बऱ्याच जणांचे चेहरे उतरतात. माझाही उतरला होता. मनात इंजिनांचं लोको शेड होतं आणि मिळाली पिट लाइन. म्हणजे रुळांखालच्या खड्ड्यात उतरायचं आणि डोक्यावरच्या डब्याचा तळ टॉर्च मारून बघायचा. आज चौदा वर्षं झाली, त्याच खात्यात सिनियर सेक्शन इंजिनिअर आहे. आता बदली मागायला कुणी सांगितलं तरी मी मागणार नाही.

परीक्षेवर फार लिहीत नाही, त्यासाठी क्लासवाले आहेत. पहिली सीबीटी (संगणकावरची परीक्षा) ९० मिनिटांत १०० प्रश्नांची, दुसरी १२० मिनिटांत १५० प्रश्नांची. दुसरीत १०० गुण तुमच्या शाखेच्या विषयाचे, म्हणजे डिप्लोमाची पुस्तकं विकून टाकू नका. उत्तर चुकलं की एक तृतीयांश गुण जातात. सुरुवात लेव्हल ६ वर, मूळ वेतन ३५,४०० रुपये. एक मात्र कळकळीनं सांगते, फॉर्म भरण्याआधी डोळे तपासून घ्या, रंग ओळखण्याची चाचणीसुद्धा करून घ्या. पदाप्रमाणे वैद्यकीय निकष वेगळे असतात. आमच्या बॅचमधला एक हुशार मुलगा लेखीत वर होता आणि मेडिकलला थांबला.

आता कामाकडे येते. गाडी स्टेशनात शिरते तेव्हा फलाटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी माणसं खाली बसून चाकांकडे बघत असतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ते रोलिंग-इन. धावत्या गाडीत काय लोंबतंय, कुठला ॲक्सल बॉक्स (चाकांच्या आसाच्या टोकाची बेअरिंगची पेटी) तापलाय, कुठलं चाक ‘टक टक’ करत येतंय, हे थांबलेल्या गाडीत कळत नाही. ट्रेनिंगमध्ये मला हे काम कंटाळवाणं वाटायचं. महिनाभरानं कान तयार झाला, आणि सपाट झालेलं चाक कितव्या डब्याचं आहे ते न बघता सांगता येऊ लागलं. ब्रेक चिकटून चाक रुळावर घासत गेलं की ते एका जागी सपाट होतं. प्रवासी डब्याला हा सपाटपणा ५० मिमीपर्यंत चालतो, मालडब्याला ६०. त्यापुढे प्रत्येक फेऱ्याला ते चाक रुळावर घण घालत जातं.

हे आकडे पाठ होतातच, पण आकड्यामागचं कारणही पाठ करा. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १६०० मिमी, त्यात २ जास्त किंवा १ कमी एवढीच मुभा. फ्लेंजची, म्हणजे चाकाला रुळावर धरून ठेवणाऱ्या आतल्या कडेची, उंची ३५ मिमीच्या वर गेली की ती रुळाच्या जोडावरच्या भागांना लागू शकते. फ्लेंजच्या टोकाची गोलाई ५ मिमीपेक्षा कमी झाली की त्याला शार्प फ्लेंज म्हणायचं. असं चाक गाडी रूळ बदलते त्या सांध्यावर किंचित उघड्या राहिलेल्या टंग रेलच्या (सरकत्या रुळाच्या) फटीत घुसू शकतं, आणि मग डब्याखालची एक बोगी (चाकांचा सांगाडा) एका मार्गावर, दुसरी दुसऱ्यावर. कारण माहीत असलं की रात्री तीन वाजता ‘अर्ध्या मिमीनं काय होतंय’ असं कुणी म्हणालं तरी आपण हलत नाही.

तीन वाजताचाच प्रसंग सांगते. स्वतंत्र शिफ्ट मिळून तिसरा महिना होता. पहाटे सुटणारी एक्स्प्रेस, तिचा रेक (जोडलेले सगळे डबे) पिटवर, कंट्रोलचा फोन सारखा वाजत होता. आधीच्या शिफ्टच्या डायरीत ‘व्हील गेजिंग ओके’, म्हणजे चाकांची मापं ठीक, असं लिहिलेलं. ब्रेकची चाचणी झाली होती: हवेचा दाब ब्रेक पाइपमध्ये चौरस सेंटिमीटरला ५ किलो, फीड पाइपमध्ये ६, मागच्या ब्रेक व्हॅनमध्ये ४.८ आणि ५.८, गळती मिनिटाला ०.२ च्या आत. बीपीसी, म्हणजे ब्रेक पॉवर सर्टिफिकेट, भरून तयार होतं. सुरुवातीच्या स्टेशनातून मेल-एक्स्प्रेस सुटते तेव्हा ब्रेक पॉवर शंभर टक्के लागते, तीही होती. मी पेन काढलं.

आमच्या शिफ्टमधले सगळ्यात जुने फिटर काका म्हणाले, “मॅडम, शेवटच्या डब्याकडं एकदा जाऊन येऊ.” पिटच्या त्या टोकाला पाणी साचलेलं आणि वरची ट्यूब गेलेली होती. काका पाण्यात उतरले, चाकावरून अंगठा फिरवला आणि माझ्याकडे हात पुढे केला, गेज द्या म्हणून. गेज लावलं. शार्प फ्लेंज.

आधीच्या शिफ्टनं खोटं लिहिलं असं मी आजही म्हणणार नाही. तेवीसपैकी बावीस डबे त्यांनी नीट बघितले असतील. शेवटच्याला गुडघाभर पाणी आणि अंधार, एवढंच. पण मी त्यांच्या शब्दावर सही करायला निघाले होते, ही चूक माझी होती. डबा सिक मार्क केला, म्हणजे नादुरुस्त ठरवला, कापून सिक लाइनला (दुरुस्तीच्या रुळावर) टाकला, दुसरा जोडला, ब्रेकची चाचणी पुन्हा केली. गाडी पन्नास मिनिटं उशिरा सुटली. सकाळच्या मीटिंगमध्ये त्या पन्नास मिनिटांचा जाब विचारला गेला, फ्लेंजबद्दल कुणी विचारलं नाही. मी गेजचं रीडिंग, डब्याचा नंबर, वेळ असं सगळं लेखी देऊन आले.

बीपीसी म्हणजे काय ते मला त्या रात्री समजलं. त्यावर आपल्या सहीसोबत लोको पायलट आणि ट्रेन मॅनेजर (पूर्वीचे गार्ड) यांच्याही सह्या होतात. पण गाडीखाली उतरून आलेले असतो फक्त आपण, ते दोघं आपल्यावर विसंबून सही करतात. लोणावळ्याहून कर्जतकडे उतरणारी गाडी ३७ ला १ अशा उतारावर असते, मध्ये ब्रेक तपासायला थांबते, आणि तोवर लोको पायलटच्या हातात आपला कागदच असतो.

हा कागद जिथून येतो ती वरची साखळीही नव्या माणसानं ओळखून घ्यावी. एखाद्या मार्गावर आधी न धावलेल्या प्रकारचा डबा किंवा इंजिन आणायचं तर रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम २७ प्रमाणे आधी मंजुरी लागते. लखनौची आरडीएसओ (रेल्वेची संशोधन आणि मानक संस्था) ऑसिलेशनच्या, म्हणजे धावताना डबा किती हेलकावतो त्याच्या, आणि आणीबाणीच्या ब्रेकच्या चाचण्या घेते, वेगाचं प्रमाणपत्र देते. झोनल रेल्वेचे विभाग मिळून संयुक्त सुरक्षा प्रमाणपत्र करतात, आणि मग प्रकरण रेल्वे सुरक्षा आयुक्तांकडे जातं. हे आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या हाताखाली नसून नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतात. ज्यानं गाडी चालवायची त्यानंच तिला सुरक्षित ठरवू नये, म्हणून १९४१ मध्येच ही तपासणी रेल्वे बोर्डापासून वेगळी काढली गेली. मोठा अपघात झाला की चौकशीला हेच आयुक्त येतात आणि देखभालीच्या नोंदी मागवतात. आपण डायरीत लिहिलेली ओळ कोण वाचणार असं वाटतं तेव्हा हे आठवावं.

देखभालीचं वेळापत्रक साधं आहे. एलएचबी (नव्या पद्धतीच्या स्टेनलेस स्टीलच्या) डब्याला डी-१ तपासणी फेरीगणिक, डी-२ महिन्याला, डी-३ सहा महिन्यांनी. मग वर्कशॉपमधलं शॉप शेड्यूल: एसएस-१ अठरा महिने किंवा ६ लाख किमी, एसएस-२ तीन वर्षं किंवा १२ लाख, एसएस-३ सहा वर्षं किंवा २४ लाख. माटुंग्यासारख्या वर्कशॉपमध्ये डबा चाकांवरून उचलला जातो, तिथे ॲक्सलची अल्ट्रासॉनिक तपासणी कशी करतात ते संधी मिळाली तर जरूर बघून या.

त्या तपासणीचं मोल इटलीतल्या व्हियारेज्जोला कळलं. २९ जून २००९ च्या रात्री तिथे एलपीजीच्या टँक वॅगनचा ॲक्सल तुटला, गॅस पेटला, ३२ माणसं गेली. वॅगनचा मालक एक, भाड्यानं घेणारा दुसरा, ॲक्सल दुरुस्त करणारा तिसरा. युरोपानं पुढे प्रत्येक वॅगनच्या देखभालीला एक जबाबदार, प्रमाणित संस्था असलीच पाहिजे हा नियम कडकपणे लागू केला. आपल्याकडे चालवणारी आणि सांभाळणारी रेल्वे एकच, म्हणून हा प्रश्न फारसा पडला नाही. पण लातूरच्या कारखान्यात बनायच्या वंदे भारत स्लीपर गाड्यांच्या करारात ३५ वर्षांची देखभालही पुरवठादाराकडे आहे. आज डिप्लोमा करणाऱ्यांची उमेदीची वर्षं त्याच गाड्यांवर जाणार आहेत. कोणाच्या तपासणीवर कोणाची सही, हे कागदावर स्पष्ट करून घेण्याची सवय तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त लागेल.

पहिल्या महिन्यात एवढं करा. जाड तळव्याचे बूट घ्या. रेक पिटवर आला की लाल बावटा आणि स्कॉच ब्लॉक (रुळावर गाडी अडवणारा ठोकळा) लागल्याशिवाय खाली उतरू नका, कुणी कितीही घाई केली तरी. टायर डिफेक्ट गेज (चाकाची झीज मोजायचं माप) स्वतःच्या हातानं लावा, खलाशानं (मदतनीसानं) सांगितलेला आकडा उतरवून घेऊ नका. जुन्या फिटरच्या मागेमागे फिरा, त्याचं इंग्रजी कच्चं असेल, अंगठा कच्चा नसतो. आणि आपल्या पिटवर उजेड कुठे पोचत नाही ते दिवसाच बघून ठेवा.

आमच्या पिटवरची ती ट्यूब मी चार पत्रं लिहून बदलून घेतली. आता तिथे एलईडी आहे. पावसाळ्यात पाणी अजून साचतं, त्याचं पाचवं पत्र गेल्या आठवड्यात दिलं.